जिप्सीचे साडेपाच लिटर: गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन डिफरन्शियल

१० नोव्हेंबर २०२४

दिवाळीच्या आधी चिपळूणहून आणलेल्या मारुती जिप्सीखाली, म्हणजे फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देता येणाऱ्या) गाडीखाली, आज पहिल्यांदा निवांतपणे आडवा झालो. गाडी २००४ सालची, १२९८ सीसीच्या एमपीएफआय इंजिनाची आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले तेव्हा ती एका घराच्या अंगणात उभी होती आणि पाणी ओसरेपर्यंत बुडूनच होती, हे विकणाऱ्यांनी स्वतःहून सांगितले आणि किंमतही त्या हिशेबानेच ठरली. पुरानंतर इंजिन उघडल्याची, वायरिंग बदलल्याची आणि ‘सर्व ऑइल बदलले’ अशी एका गॅरेजची पावती कागदपत्रांत आहे. इंजिनाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. अडचण त्या ‘सर्व’ या शब्दाची आहे.

इंजिन सोडून या गाडीत आणखी चार ठिकाणी ऑइल असते: गिअरबॉक्समध्ये १.३ लिटर, त्याच्या मागे सुटा बसवलेल्या ट्रान्सफर केसमध्ये (ताकद पुढच्या-मागच्या अॅक्सलकडे वाटणाऱ्या पेटीत) ०.८ लिटर, पुढच्या डिफरन्शियलमध्ये (अॅक्सलवरच्या, ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणाऱ्या गिअरपेटीत) २ लिटर आणि मागच्यात १.५ लिटर. बेरीज ५.६ लिटर होते. पावतीवर गिअर ऑइलचा आकडा दोन लिटर आहे. दोन लिटरमध्ये मागचा डिफरन्शियल भरून अर्धा लिटर उरतो, तेव्हा बाकीच्या तीन ठिकाणी तीन वर्षे काय होते याचा विचार करतच सतरंजी गुंडाळली.

वरवर दिसलेल्या खुणा अशा. सकाळी पहिल्या दोन किलोमीटरमध्ये दुसरा गिअर पडताना अडतो. मागच्या डिफरन्शियलच्या पिनियनच्या (तोंडाशी असलेल्या छोट्या गिअरच्या) ऑइल सीलभोवती ओलसर काळा थर आहे. डाव्या मागच्या ड्रमच्या पाठीवर ऑइलचा एक ओघळ सुकलेला दिसतो. पुढच्या उजव्या नकलखाली (चाक ज्यावर वळते त्या अॅक्सलच्या टोकाच्या सांध्याखाली) ग्रीससारखे काहीतरी जमले आहे, पण ते ग्रीस वाटत नाही, बोटावर फारच पातळ लागते.

१३ नोव्हेंबर

ऑइलची जमवाजमव केली. तालुक्याच्या दुकानात ‘नव्वद’ मागितले की ८०डब्ल्यू-९० जीएल-५ मिळते (पहिला आकडा घट्टपणाचा, जीएल हा गिअर ऑइलचा वर्ग) आणि ‘एकशेचाळीस’ मागितले की ट्रक-ट्रॅक्टरवाल्यांचे घट्ट ऑइल मिळते. गिअरबॉक्ससाठी जीएल-४ म्हटल्यावर दुकानदारांनी मला जीएल-५ हे त्याच्याच वरच्या दर्जाचे आहे असे समजावले. हा समज सगळीकडे आहे आणि आकडा मोठा असल्यामुळे तो चुकीचा वाटतही नाही, पण दोन्हींची कामे वेगळी आहेत.

डिफरन्शियलमधला पिनियन क्राऊन या मोठ्या दातेरी चाकाच्या मध्यरेषेवर नसून तिच्या खाली बसवलेला असतो. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, लांबीच्या दिशेने घासतही जातात, आणि त्या घासण्याचा दाब एवढा असतो की साधे ऑइल मधून पिळून निघते. जीएल-५ मधली गंधक आणि फॉस्फरसची रसायने तापलेल्या पोलादावर पातळ थर धरतात आणि धातूला धातू भिडू देत नाहीत. गिअरबॉक्समध्ये मात्र सिंक्रोनायझरच्या पितळी रिंगांना गिअरच्या शंकूसारख्या भागावर थोडी पकड घ्यावीच लागते, तेव्हा कुठे दोघांचा वेग जुळतो. तिथे फार बुळबुळीत थर नको असतो, आणि तापलेली गंधकाची रसायने पितळाला पोलादाएवढी सोसत नाहीत. आजची जीएल-५ ऑइले पूर्वीएवढी पितळ खाणारी राहिलेली नाहीत असे म्हणतात आणि ते खरेही असेल, पण वीस वर्षांच्या रिंगांवर मी तो प्रयोग करणार नाही. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केससाठी तीन लिटर जीएल-४ पुण्याहून एसटीच्या पार्सलने मागवले. डिफरन्शियलसाठी जीएल-५ इथूनच घेतले, आणि फक्त आतून धुण्यासाठी त्याच दर्जाचे स्वस्तातले आणखी पाच लिटर घेतले.

१७ नोव्हेंबर

आज एक थेंबही ऑइल काढायचे नाही, फक्त भरायचे प्लग उघडतात का ते पाहायचे, असे ठरवूनच खाली गेलो. खालचा प्लग काढून ऑइल सोडून द्यावे आणि मग वरचा प्लग हलत नाही असे कळावे, ही फसगत मी एकदा दुसऱ्याच्या जीपवर केलेली आहे. ती जीप अंगणात नऊ दिवस कोरडी उभी होती.

गिअरबॉक्सचा प्लग सहज फिरला, मागच्या डिफरन्शियलचा थोडा कण्हला, पुढचा पान्ह्याला लोखंडी नळी लावल्यावर सुटला. ट्रान्सफर केसचा प्लग मात्र हलला नाही. त्याचे कोपरे आधीच कोणीतरी ढिल्या पान्ह्याने गोल केले होते आणि भोवती खाऱ्या हवेने पांढरट बुरशीसारखा थर धरला होता. गंज सोडवणारे द्रावण मारले, प्लगच्या डोक्यावर सरळ हातोडीचे हलके ठोके दिले आणि तसाच ठेवला. ट्रान्सफर केसचे कवच अॅल्युमिनियमचे आहे, तिथे चिडून जोर केला तर आटे हातात येतील.

गाडी जॅकवर चढवायची गरज या कामात नाही. जिप्सीखाली माणूस मावतो, आणि पातळी पाहायची तर गाडी चारही चाकांवर सपाट उभी असलीच पाहिजे. तरीही लिहून ठेवतो, कारण आमच्याकडे ही सवय फार आहे: जॅक काढून त्या जागी जांभ्याचा चिरा सरकवून खाली शिरू नये. जांभा भिंतीत शंभर वर्षे उभा राहतो, पण अॅक्सलचा भार एका टोकावर आला की तो बिस्किटासारखा फुटतो.

आजचा खरा शोध वेगळाच आहे. मागच्या अॅक्सलच्या हाउसिंगवर ब्रीदरची जागा असते. अॅक्सल चालून तापला की आतली हवा प्रसरण पावते आणि ब्रीदरमधून बाहेर पडते, थंड झाला की तिथूनच आत येते. या गाडीत त्या ठिकाणी बोटभर रबरी नळीचा तुकडा उरला होता आणि त्याच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते. मी ते काडीने फोडले तेव्हा लाल माती भुगा होऊन तोंडावर पडली आणि तिच्यात वाळलेल्या कोळ्यांचे पाय होते. माती आतपर्यंत गच्च होती, म्हणजे हवेला वाट नव्हती. वाट नसली की तापलेल्या हवेचा दाब ऑइल सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो. पिनियनचा काळा थर आणि डाव्या ड्रमचा ओघळ, दोन्हींचा उलगडा इथे होतो. तोच तापलेला अॅक्सल पऱ्याच्या (ओढ्याच्या) पाण्यात उतरला की आतली हवा एकदम आकसते आणि त्याच सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. आमच्या आगराकडे यायचे तर पावसाळ्यात एक पऱ्या ओलांडावाच लागतो, साकव फक्त पायी माणसांसाठी आहे. तेव्हा नुसते ऑइल बदलून मी येत्या जुलैत पुन्हा तिथेच आलो असतो.

२४ नोव्हेंबर

पुढचा डिफरन्शियल पहिला घेतला आणि तो मुद्दाम थंड असतानाच. पुस्तकी रीत अशी की दहा-पंधरा किलोमीटर चालवून, ऑइल कोमट करून मग सोडावे, म्हणजे ते पातळ होऊन गाळ घेऊन येते. पण या गाडीला हाताने फिरवायचे फ्री-व्हीलिंग हब आहेत. हब सुटे असले की पुढची चाके आपापल्या बेअरिंगवर फिरतात आणि आतले शाफ्ट, क्राऊन, पिनियन सगळे स्थिर राहतात. मागच्या मालकांनी फोर बाय फोर कधी लावलेच नव्हते. म्हणजे पुराचे पाणी आत गेले असेल तर ते घुसळले न जाता ऑइलखाली निवांत पडून असणार होते, आणि मी गाडी फिरवून आणली असती तर त्याचा काला झाला असता.

भरायचा प्लग काढला, मग खालचा प्लग हळूहळू सैल केला आणि आटे पूर्ण सुटण्याआधी थांबलो. पहिल्यांदा जे आले ते पाणी होते. चहाच्या पातळ काढ्याच्या रंगाचे, गंजाचे कण घेऊन येणारे, आणि त्याला गिअर ऑइलचा तो उग्र गंधकी वास जवळजवळ नव्हता. मापाच्या भांड्यात सातशे मिलिलिटर पाणी भरले. त्यानंतर धार क्षणभर तुटली, जाड झाली आणि काळेभोर ऑइल लोंबत उतरू लागले. ते १.८ लिटर निघाले. दोन लिटरच्या डिफरन्शियलमधून अडीच लिटर ऐवज बाहेर आला, कारण प्लगच्या पातळीवरचा भाग अॅक्सलच्या नळ्यांत शिरून बसला होता. गाडी उजवीकडे थोडी कलती करून तोही काढला.

भरायच्या प्लगमधून फोनला जोडायचा छोटा कॅमेरा आत घातला. क्राऊनच्या दातांवर एक सरळ आडवी रेघ दिसली. रेघेच्या वर पोलाद राखाडी आणि चकचकीत होते, खाली तांबूस आणि खरखरीत. तीन वर्षांची पाण्याची पातळी त्या चाकावर आखलेली होती. बेअरिंगचे रोलर कॅमेऱ्याला नीट दिसले नाहीत.

मागचा डिफरन्शियल त्यानंतर, वीस मिनिटे चालवून कोमट असताना सोडला. तिथले ऑइल दूध घातलेल्या चहासारखे होते. हा डिफरन्शियल रोज फिरतो, त्यामुळे त्यात शिरलेले पाणी वेगळे राहूच शकत नाही, ऑइलात घुसळून त्याचे दुधट मिश्रण होते आणि असे मिश्रण दातांवर टिकत नाही. मोजून १.४ लिटर आले. या ठिकाणी पुरानंतर ऑइल बदलले होते हे मला मान्य आहे. पावतीतले दोन लिटर इथेच गेले असावेत. पण ब्रीदर बुजलेला ठेवून.

पहिली धार अंदाजापेक्षा लांब उडाली आणि परातीच्या पलीकडे जमिनीवर वाटीभर ऑइल सांडले. ती माती खरवडून पिशवीत भरली.

फुटक्या स्पीकरचे चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून दोन्ही भांड्यांतून फिरवले. मागच्या ऑइलात राखाडी, काजळासारखा मऊ लेप आला, जो वीस वर्षांच्या गाडीत येणारच. पुढच्यात त्या लेपाबरोबर नखावर अडणारे दोन-तीन पापुद्रे आले. ते कागदात जपून ठेवले आहेत.

२६ नोव्हेंबर

आतून कशाने धुवायचे यावर तालुक्याच्या मेस्त्रींशी फोनवर बोललो. ते म्हणाले, “भाऊ, डिझेल मारा, दोन किलोमीटर फिरवा, चकाचक होईल.” डिझेलने धुणे इथे सर्रास चालते, पण डिझेलवर भारासकट बेअरिंग फिरवायला माझे मन घेत नाही, आणि अॅक्सलच्या नळ्यांत राहिलेले डिझेल नव्या ऑइलात मिसळून ते पातळ करते. मी स्वस्तातले जीएल-५ पुढे दोन आणि मागे दीड लिटर भरले.

पुढच्या डिफरन्शियलमध्ये ते फिरवण्यासाठी हब जोडले, पण ट्रान्सफर केसची कांडी टू-व्हील हायवरच (ताकद फक्त मागच्या चाकांना) ठेवली. असे केले की चाके उलटीकडून पुढचे शाफ्ट आणि क्राऊन फिरवतात आणि ऑइल घुसळले जाते, तरीही पुढचा आणि मागचा अॅक्सल एकमेकांना बांधलेले नसतात. जिप्सीत मधला डिफरन्शियल नाही, त्यामुळे कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर लावून वळणे घेतली की साऱ्या गिअरांत पीळ भरत जातो. आठ किलोमीटर फिरलो आणि दोन्हीकडचे ऑइल गरम असतानाच सोडले. मागचे बऱ्यापैकी स्वच्छ आले. पुढचे अजून गढूळ होते, म्हणून उरलेले दीड लिटर ऑइल पुढे घालून तोच फेरा पुन्हा केला.

डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या ऑइलातही पाणी असू शकते. ते ओळखायला एक जुनी, खात्रीची परीक्षा आहे. परसातल्या चुलीवर टाकून दिलेला लोखंडी तवा चांगला तापवला, पण धूर येईल इतका नाही, आणि त्यावर ऑइलचा एकेक थेंब सोडला. नव्या बाटलीतला थेंब गुपचूप पसरला. मागच्या डिफरन्शियलचा थेंब कडेला किंचित बुडबुडला. पुढच्याचा पहिल्या फेऱ्यातला थेंब मोहरीसारखा तडतडला, दुसऱ्या फेऱ्यातला एकदाच फुटून गप्प झाला. आईने लांबूनच तो तवा पुन्हा स्वयंपाकघरात आणायचा नाही असे बजावले.

संध्याकाळी पक्के ऑइल भरले. बाटल्या दुपारभर उन्हात ठेवल्या होत्या, त्यामुळे नरसाळे आणि पारदर्शक नळीतून ऑइल मुकाट्याने उतरले. भरायच्या भोकाच्या काठावरून सूत धरून बाहेर येऊ लागले की थांबायचे आणि ते गळणे बंद झाल्यावर प्लग लावायचा, एवढेच माप. प्लगच्या आट्यांना द्रव सीलंटचा पातळ हात दिला. पुढे २ लिटर बरोबर गेले, मागे दीडला थोडे कमी.

दोन्ही हाउसिंगच्या ब्रीदरला नवी, ऑइल सोसणारी नळी बसवून ती चासीच्या कडेने वर नेली आणि तोंड खाली वळवून बांधली. टोकाला बारीक जाळी लावली आहे. कुंभारणीला आता दुसरी जागा पाहावी लागेल.

१ डिसेंबर

ट्रान्सफर केसचा प्लग दोन आठवडे द्रावण पिऊन, वरून गरम पाण्याचे फडके धरल्यावर अखेर सुटला. नवा प्लग आणून ठेवला होताच.

गिअरबॉक्समधून निघालेले ऑइल काकवीइतके जाड होते. पाणी अजिबात नव्हते, पण कोणीतरी कधी काळी एकशेचाळीस भरलेले होते. दापोलीकडच्या थंडीत सकाळी असले ऑइल हलेपर्यंत सिंक्रो बिचारे काय पकडणार? चुंबकाला थोडा लेप आला. चुंबकाने न उचललेली सोनेरी चमक मात्र ऑइलात उन्हात धरल्यावर दिसली. ती पितळी रिंगांची झीज आहे. दुसऱ्या गिअरची रिंग कधीतरी बदलावी लागेल, पण त्याची घाई वाटत नाही.

ट्रान्सफर केसला लोक विसरतात, कारण फोर बाय फोर वापरत नाही म्हणजे तो कामात नाही असा समज असतो. जिप्सीत टू-व्हील हायवरसुद्धा ताकद सरळ पार जात नाही, गिअरांच्या जोड्यांतून १.४०९ पटीने कमी वेग होऊनच प्रोपेलर शाफ्टकडे जाते. म्हणजे त्यातले पाऊण लिटर ऑइल गाडी हलली की राबतच असते. इथून जेमतेम अर्धा लिटर निघाले, काळे आणि करपट वासाचे. दोन्हीकडे जीएल-४ भरले, १.३ आणि ०.८ लिटर, एक थेंब इकडेतिकडे नाही.

काढलेल्या ऑइलाचे दोन कॅन भरले. शेजारच्या काकांनी वाशांना वाळवी लागू नये म्हणून काळे ऑइल मागितले. त्यांना नाही म्हणणे जड गेले, पण पावसाळ्यात ते पागोळ्यांबरोबर उतरते आणि आमच्या दोघांच्या विहिरींत दहा पावलांचेही अंतर नाही. वापरलेले ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते आणि ते अधिकृत शुद्धीकरणवाल्यांकडे जायला हवे. मेस्त्रींकडे त्यांची गाडी पिंप न्यायला येते, तिथे दोन्ही कॅन आणि ती मातीची पिशवी दिली. काकांना वाळवीचे औषध आणून दिले.

२२ डिसेंबर

दाभोळ-धोपावे जंगल जेटीने (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने) गुहागरला जाऊन आलो. दुसरा गिअर आता पहाटेच्या गारठ्यातही विनातक्रार पडतो. परतताना भरती होती आणि उतारावर चाके खाऱ्या पाण्यात उतरली, म्हणून घरी येताच खालून गोड्या पाण्याने धुतले.

धोपाव्याच्या पुढच्या मोकळ्या रस्त्यावर मुद्दाम हब जोडून पाहिले. ताशी ५० च्या आसपास पुढून एक बारीक घुमणारा आवाज येतो, वेगाबरोबर चढतो, पाय काढल्यावरही राहतो. हब सोडले की बंद. चाकांची बेअरिंगे हब सुटे असतानाही फिरतात, तेव्हा तो आवाज त्यांचा नव्हे. त्या आडव्या रेघेखाली बुडालेल्या बेअरिंगचा आहे.

१२ जानेवारी २०२५

सुमारे सहाशे किलोमीटर झाल्यावर चारही पातळ्या पाहिल्या. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि मागचा डिफरन्शियल जसेच्या तसे. पिनियनभोवतीचा पुसलेला भाग कोरडा आहे, डावा ड्रम कोरडा आहे, आणि मागच्या ऑइलाचा थेंब तापल्या तव्यावर आवाज न करता पसरला. सील बदललेले नाहीत, फक्त हवेला वाट दिली आहे.

पुढच्यात बोट आडवे घालून पाहिले तर पातळी काठापासून एक पेर खाली गेली आहे. उजव्या नकलखालचे पातळ ओशट पुन्हा जमले आहे. आतल्या शाफ्टचे सील गेले की डिफरन्शियलचे ऑइल नकलमध्ये उतरते, तिथले ग्रीस पातळ करते आणि खाली गळते. चुंबकाला यावेळी आणखी एक पापुद्रा लागला, आधीच्यांच्या शेजारी कागदात ठेवला.

पुढचा डिफरन्शियल काढायचा तर दोन्ही शाफ्ट बाहेर ओढावे लागतात आणि त्यासाठी दोन्ही नकल उघडावेच लागतात. म्हणजे बेअरिंग, आतले सील आणि किंगपिनची (नकल ज्यांवर वळतो त्या खिळांची) बेअरिंगे हे एकच काम आहे, वेगवेगळे करण्यात अर्थ नाही. तोवर हब सुटे ठेवायचे, पातळी दर पंधरवड्याला पाहायची. पुढच्या अॅक्सलचा बेअरिंग आणि सीलचा पूर्ण संच पुण्याला सांगितला आहे. तो मार्चअखेर आला तर आंब्याच्या पेट्यांच्या धावपळीआधी नकल उघडता येतील.